खळीचं चिलखत

आमच्या तनुजाला लोकांच्या हसण्याची भीती वाटते. सापाचं, अंधाराचं, विजेचं तिला काही नाही. पण चार माणसं तिच्याकडं बघून हसली की पोरगी आतल्या आत मिटून जाते. हे कधी लागलं तेही मला ठाऊक आहे. पिशोरच्या पलीकडं आमची वस्ती. दोन हजार बारा-तेराच्या दुष्काळात चारा संपला, विहिरीचा तळ दिसला, मेंढरं व्यापाऱ्याच्या गाडीत चढवली आणि माझा लेक अजिनाथ बायकोला, पोरीला न् मला घेऊन चिकलठाण्याला आला. तनुजाला इथल्या शाळेत घातलं. पहिल्याच आठवड्यात बाईंनी उभं करून काहीतरी विचारलं, हिनं वस्तीवरच्या बोलीत उत्तर दिलं, आणि अख्खा वर्ग हसला. एकानं मेंढराचा आवाज काढला. त्यावर आणखी हसले. त्या दिवसापासून ही वर्गात कधी उठून बोलली नाही. बारावीपर्यंत गेली, पण सगळी मुक्यानं.

आता ती औषधाच्या कंपनीत गोळ्यांच्या पाकिटांवर बसते. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. मला म्हणायची, "आजी, तिथं लई बरं वाटतं. कुणाला कुणाचं तोंड दिसत नाय."

अशा पोरीनं मागच्या दुष्काळात, म्हणजे नळाला आठवड्यानं पाणी यायचं त्या उन्हाळ्यात, मला मोबाईल दाखवला. त्यात एक पोरगी नखशिखांत काळ्या पिसांत उभी होती. दुसरीचे केस निळे, हातात तिच्याहून उंच तलवार.

"नाटकातल्या हायेत का गं?"

"नाय. ह्याला कॉस्प्ले म्हणतात. आपल्याला आवडणाऱ्या गोष्टीतलं माणूस व्हायचं. कपडे, केस, हत्यार, सगळं आपल्या हातानं करायचं."

"आन् मग?"

"मग तसं होऊन उभं राहायचं."

"कुठं?"

तिनं मोबाईल बंद केला. "स्टेजवर," म्हणाली, आणि उठून भांडी घासायला गेली. एवढ्या जोरात घासली की मला कळलं, हिनं मनाशी पक्कं केलंय.

जालना रोडवरच्या एका हॉलात वैशाखात तसला मेळा भरणार होता. नाव तिनं आधीच घातलं होतं. बापाला सांगायचं राहिलं होतं.

अजिनाथ प्लायवूडच्या दुकानाची मालाची रिक्षा चालवतो. कमी बोलतो, आणि जे बोलतो ते मोडत नाही. त्याचा मला अभिमान आहे आणि त्रासही तेवढाच आहे. जेवताना तिनं सांगितलं. तो भाकर मोडत राहिला. माझी सून लक्ष्मी डोळ्यांनीच मला विचारत होती, आता काय?

"म्हणजे तोंड रंगवून लोकांपुढं उभी राहणार," अजिनाथ म्हणाला.

"व्हय."

"लोकं हसतील."

"हसतील कशाला? तिथं समदेच तसले असतात."

"शाळेत बी समदे पोरंच होते."

तनुजाचा घास हातातच राहिला. मी म्हणाले, "अरे, आता ते कशाला काढतो?"

"काढावं लागतं, माय. त्या वेळी ताप भरला होता हिला. मी रात्रभर बसलो होतो, तू नाय." मग तिच्याकडं वळून म्हणाला, "एकदा जा. नीट झालं तर पुढं तुझं तू बघ. पण लोकं हसली तर त्याच दिवशी बंद. पुन्यांदा ह्या घरात त्याचं नाव निघणार नाय. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण लगेच म्हणाली.

आता तिला व्हायचं होतं ते कोण, तर एका परदेशी चित्रांच्या गोष्टीतली घाटराखी बाई. घाटमाथ्यावर एकटी उभी राहून वाट राखते आणि अंगावर खवल्यांचं चिलखत. नाव मला अजून धड घेता येत नाही. मी आपलं खवलेवाली म्हणते. मोबाईलवर बघायला खवले झकास होते, तांबूस, एकावर एक चढलेले. करायला बसलो तेव्हा डोळे पांढरे झाले.

पहिले खवले पुठ्ठ्याचे केले. वाकले की घडी पडायची. मोबाईलमधली शिकवणारी पोरगी सांगायची, नवीन आहात ना, तर जाड फोमच्या चटया आणा, गरम करून वाकवा. तनुजानं एक चटई आणली. इस्त्रीनं गरम करायला गेली तर चटई इस्त्रीला चिकटली, घरभर धूर झाला, आणि शेजारची चतुराबाई दारात येऊन म्हणाली, "काय जाळू राहिल्या गं? नवरा का सासू?"

"सासू अजून जित्ती हाय," मी आतून ओरडले.

चतुराबाई घरी चिंच फोडायचं काम घेते. उन्हाळाभर तिच्या ओट्यावर चिंचोक्यांचा ढीग असतो. त्या दिवशी धूर विरल्यावर तनुजा दारातच बसून होती, ढिगाकडं बघत. मग मला म्हणाली, "आजी, घोंगडीला खळ लावायचे ना तुम्ही? ती कडक व्हायची का?"

"कडक? नवी घोंगडी उभी केली तर माणसावानी उभी राहायची."

इथून ते सुरू झालं. चिंचोके भाजले, टरफलं काढली, भिजवून वाटले, शिजवून खळ केली. पाणी लागतंच, पण त्याला तनुजानं आपल्या आंघोळीतलं वाचवलेलं वापरलं. जुनी लुगडी, गोणपाट, पुन्हा लुगडं असे थर देऊन मधे खळ भरली, वरून कुंच्यानं सारवली आणि गच्चीवर ताणून टाकली. त्या वर्षीचं ऊन म्हणजे काय विचारता. दुपारी टाकलं की सांजेला टणक. बोटानं वाजवलं तर पत्र्यागत वाजायचं. तनुजा ते कानापाशी धरून वाजवायची आणि हसायची. मोठ्या कात्रीनं खवले कापताना तिच्या अंगठ्याला फोड आले, ते फुटले, त्यावर चिंधी बांधून तिनं पुढचे कापले. जाड कापडाच्या जाकिटावर ओळीनं ओळ शिवली. दोन्ही खांद्यांचे तुकडे वेगळे करून बंदांनी बांधले. वरून तांब्याचा रंग मारला. केस तागाचे वळले. भाला प्लॅस्टिकच्या नळीचा. त्याला मी म्हणाले, "लोखंडी पातं बसवू, घरात पडलंय." तर म्हणाली, "नाय आजी. तिथं खरं काहीच चालत नाय."

उंदरांना खळ लई आवडते. एका सकाळी दोन खवले कुरतडलेले निघाले आणि पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून चिलखत दोरीनं छताला टांगायचो. अजिनाथ जेवायला बसला की त्याच्या डोक्यावर ते लोंबकळायचं. तो वर बघायचा नाही. एकदाच म्हणाला, "कॉलर गळ्याला लागंल." आणि खाली बघून जेवला. लक्ष्मीनं कॉलरला आतून फडकं शिवलं.

मेळ्याच्या दिवशी तनुजा मालाच्या रिक्षात मागं उभी राहून आली. ते अंगात घालून बसताच येत नव्हतं. लक्ष्मीला कंपनीतून सुटी मिळाली नव्हती, म्हणून मी मागं तिच्या पायाशी, तिला धरून. सिग्नलला शाळकरी पोरं बोटं दाखवायची. तनुजानं तोंडावर ओढणी घेतली होती. ओढणीच्या आत ती आपली दोन वाक्यं घोकत होती. तिथं नुसतं उभं राहून चालत नाही, त्या माणसाचं काहीतरी बोलावं लागतं. तिनं ते आपल्या भाषेत करून घेतलं होतं.

"पाणी पी गं थोडं."

"नको आजी. पाणी प्यायलं तर हे सगळं काढावं लागंल." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पप्पा आत येणारेत का?"

"म्हणतो बाहेर थांबतो."

"बरंय," ती म्हणाली.

हॉलात पाऊल टाकलं आणि मला वाटलं, आपण निजामाच्या बागेत आलो. दोन्ही बाजूंना माणसाएवढे पाण्याचे कूलर, वाळ्याच्या जाळ्या ओल्या गच्च, आणि गार वारा भरभर. बाहेर गावं टँकरवर, आणि इथं जाळ्यांतून पाणी गळून फरशीवर ओघळत होतं. मला वाईट वाटलं, पण खुर्ची मी कूलरसमोरचीच धरली. तनुजाही समोर उभी राहिली, घामानं डबडबलेली.

पोरं-पोरी भलतीच प्रेमळ. कुणाला शिंगं, कुणाला शेपटी, आणि एकमेकांच्या पाठीला टाचण्या लावत फिरत होती. मोठे काळे पंख लावलेली एक पोरगी आली. नाव निखत, रोशन गेटकडची. तिनं तनुजाभोवती एक चक्कर मारली. "खुद बनाई क्या? फोम का है?"

तनुजानं मान हलवली. मीच म्हणाले, "चिंचोक्याच्या खळीचं हाय."

"इमली के बीज का? या अल्ला!" निखत हसली. तनुजा दचकली. पण निखत लगेच म्हणाली, "भोत भारी! मेरेकू भी सिखाना." तेव्हा पोरीचा श्वास परत आला.

बराच वेळ गेला. आमच्या आधीचे नंबर एकेक करून वर जात होते. मी तनुजाच्या पाठीमागं उभी होते. कॉलर नीट करायला हात लावला, आणि हात ओला झाला.

मी दुसरा खवला चाचपला. तो बोटाखाली दबला. वाळलेल्या भाकरीवर दूध सांडावं तसा. खालच्या ओळी कडा सोडून लोंबायला लागल्या होत्या.

"तनुजा," मी म्हणाले, "हालू नको."

"काय झालं?"

"मऊ पडू राहिलंय."

तिनं हात मागं नेऊन चाचपलं. रंगाखाली तिचं तोंड कसं झालं ते मला दिसलं नाही, पण भाला खाली पडला तो मी ऐकला. बाहेरून वारा ओला, आतून अंगाचा घाम. आमच्या वस्तीवर उन्हाळ्यात खळ कधी ओली झाली नव्हती, कारण तिथं ओली व्हायला काही नव्हतंच. कूलरचं ना तिच्या ध्यानात आलं, ना माझ्या.

निखतनं पळत जाऊन केस वाळवायचं मशीन आणलं. विजेचा प्लग एकच रिकामा मिळाला, तोही कोपऱ्यात. एक खवला वाळेपर्यंत शेजारचे चार आणखी खाली यायचे. निखत म्हणाली, "टेप लगा दूँ?" टेप ओल्या रंगावर धरेना.

"आजी," तनुजा म्हणाली, "हसतील. आता नक्की हसतील."

मलाही तसंच वाटत होतं.

आणि ती एकदम जाकिटाचे बंद सोडायला लागली. "ऊन," म्हणाली. "आजी, बाहेर ऊन हाय."

दारावर गळ्यात कार्ड अडकवलेला एक बाप्या होता. "ताई, आता बाहेर जाऊ नका. तुमच्या आधी थोडेच राहिलेत. नंबर पुकारला आणि तुम्ही नसलात तर पुन्हा संधी नाही."

"आम्ही येतो," तनुजा म्हणाली. अनोळखी माणसाशी तिनं डोळा न चुकवता बोललेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मला म्हणाली, "आजी, तू इथंच थांब. पुकारलं की हाक मार."

दारातून गाड्या लावायची जागा दिसत होती. ती चिलखत छातीशी धरून पळत गेली. अजिनाथ रिक्षाच्या सावलीत उकिडवा बसला होता. तो उठला. काय बोलले ते ऐकू आलं नाही. तिनं रिक्षाच्या मागच्या पत्र्यावर चिलखत पसरलं आणि चटका बसून हात झटकला. अजिनाथ बाजूला उभा होता, दोन्ही हात कमरेवर.

मनात म्हटलं, आता हा म्हणणार, घाल गाडीत, चल घरी. त्याला काय, त्याचं म्हणणं आयतंच खरं ठरत होतं.

आत एकाचं झालं, टाळ्या पडल्या. दुसरा चढला.

मी परत बाहेर बघितलं. अजिनाथ पुढं झाला होता. त्यानं चिलखत उलटं केलं, आतली बाजू वर. ती तापल्यावर सुलटं केलं आणि खांद्यावरचा पंचा काढून एकेक खवला त्यानं दाबत, पुसत, सरळ करत नेला. लहानपणी घोंगडीला खळ लावताना तो त्याच्या बापाच्या मागं असाच कड धरून चालायचा. तनुजा एका टोकाला ताणून धरून होती, तो दुसऱ्या. पत्रा असा तापलेला की वरून वाफ निघताना मला दारातून दिसली.

"खवलेवाली, तयार राहा," आत कुणीतरी ओरडलं. खरं नाव पुकारलं होतं त्यांनी, पण मला कळलं.

"तनुजाऽऽ!" मी हाक मारली.

अजिनाथनं हात वर केला. थांब.

"अरे पुकारलं ना!"

त्यानं जाकीट उचलून तिच्या अंगात चढवलं. उजवा खांदा बांधला. डावा वाजवून बघितला आणि मान हलवली. तो वाळला नव्हता. तनुजानं त्याच्या हातातून ओढून तसाच बांधला आणि धावली. बाप तिच्यामागं. दारापाशी येऊन तो थबकला. कार्डवाला त्याला म्हणाला, "काका, आत या की." तेव्हा तो माझ्याशेजारी उभा राहिला, पंचा मुठीत आवळून.

ती चढली. पाठ कडक होती. छाती कडक होती. दिव्यांत तांब्याचा रंग असा पेटला की कुणीतरी शिटी मारली. चालत ती मधोमध आली, भाला टेकवला, तोंड उघडलं. आणि स्टेजच्या कडेच्या कूलरचा झोत फिरून तिच्यावर आला.

डावा खांदा हळूच वाकला. आधी एक खवला, मग त्याच्याखालचा, मग अख्खा तुकडा बंदाला लोंबकळत कोपरापर्यंत आला, मेंढराचा कान लोंबावा तसा. पुढच्या रांगेतून एक खुसखुस आली. मग तिच्यामागून दुसरी. मग हॉल हसला. फार नाही, पण हसला.

अजिनाथचा श्वास मला ऐकू आला. त्यानं एक पाऊल पुढं टाकलं. मी त्याचा सदरा धरला.

तनुजा तशीच उभी होती, तोंड उघडं. मला वाटलं, आता ही पळेल. आतला दरवाजा कुठं आहे तेही मी बघून ठेवलं, म्हणजे तिला गाठता येईल. पण ती खाली वाकली. भाला आडवा ठेवला. खांद्याचा बंद सोडला, गाठ ओली झालेली, सुटेना, दातानं सोडली. लोक हसतच होते. तिनं तो तुकडा दोन्ही हातांनी जमिनीवर नीट ठेवला, निजलेलं लेकरू ठेवावं तसा. भाला उचलला. एक खांदा तांब्याचा, दुसऱ्यावर तिचा रोजचा फिका पिवळा कुर्ता. आणि बोलली.

"हा घाट माझा हाय. पाणी मागायला आला असाल तर या. न्यायला आला असाल तर माघारी फिरा."

आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. कागदावर 'आहे' लिहिलं होतं तिनं, पण तोंडातून 'हाय'च आलं. हसणं थांबलं का? काहींचं थांबलं. मागं दोघं-तिघं शेवटपर्यंत हसत होते, मी त्यांना बघून ठेवलंय. टाळ्या पडल्या, निखतनं तोंडात बोटं घालून शिटी मारली. बक्षीस एका निळ्या केसांच्या पोराला मिळालं आणि ते बरोबरच होतं, त्याच्या पाठीतून खरोखर धूर निघत होता.

परतताना मी पुढं अजिनाथजवळ बसले. तनुजा मागं, रंग पुसलेला, चिलखत मांडीवर. मी दोनदा विषय काढला, त्यानं दोनदा हॉर्न वाजवला. चिकलठाण्याच्या अलीकडं त्यानं गाडी कडेला घेतली, उतरला आणि मागं गेला. मीही गुडघे सावरत उतरले.

"हसली ना लोकं?" त्यानं विचारलं.

"हसली," तनुजा म्हणाली.

"ठरलं काय होतं?"

"हसली तर बंद." तिनं त्याच्याकडं सरळ बघितलं. डोळे भरलेले होते, पण खाली गेले नाहीत. "मी मोडत नाय, पप्पा. तुम्ही म्हणाल तसं."

ह्या माणसानं दिलेला शब्द कधी फिरवलेला मी बघितला नाही. त्यानं तिच्या मांडीवरचा डावा खांदा उचलला, उलटा केला, नखानं आतलं गोणपाट खरवडलं.

"रंग आतून का नाय मारला?"

"आतून कोण बघतंय?"

"ओल बघती ना."

"दोन्हीकडून मारला तर लई जड होतं. हात वर जात नाय."

"मग मेण लाव."

"मेण उन्हात वितळंल, पप्पा. कपड्याला डाग पडतील."

"जवसाचं तेल. दुकानात प्लायला मारतात ते. पातळ हात मारायचा, वाळू द्यायचा, पुन्हा मारायचा."

"त्यानं तांबं काळं पडंल!"

"आतून मारायचं म्हणतोय मी, ऐकत जा की जरा!"

मागून ट्रकवाला हॉर्न देत होता. अजिनाथ तिथंच रस्त्यात उभा, खांदा हातात, आणि पोरगी गाडीतून वाकून त्याच्याशी भांडत होती. मी म्हणाले, "अरे, पण बंद म्हणाला होतास ना तू?"

"माय, तू गाडीत बस गं," तो म्हणाला, "ऊन लागंल." आणि पुन्हा तिच्याकडं वळला, "गोणपाट कुणी निवडलं हे? विणच किती ढिली हाय बघ."